चुकलात की तुमचंच वाद्य गप्प होतं

गाणं ऐन रंगात आलेलं असताना त्यातली गिटार एकदम नाहीशी झाली. ड्रम चालू, गाणारा गातोय, खाली जाड सुरांचा बास घुमतोय; फक्त गिटारच्या जागी भोक पडलेलं. क्षणभर कुणालाच काही कळेना. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण प्लास्टिकची गिटार माझ्या गळ्यात होती आणि बोटं माझी चुकली होती.

ही गोष्ट २००९च्या हिवाळ्यातली. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या गावात आम्ही पाच मराठी मुलं मिळून राहत होतो. शिक्षण संपवून गाव सोडणाऱ्या एका सीनियरने सामान विकायला काढलं, त्यात 'रॉक बँड' या खेळाचा संच होता: दोन गिटार, ड्रमचा स्टँड आणि मायक्रोफोन. आमच्यापैकी कुणीही तोवर रॉक संगीत मन लावून ऐकलेलं नव्हतं. एकाने शाळेत असताना दोन वर्षं तबल्याचा क्लास केला होता, मी पुण्यात ढोल पथकात वाजवलं होतं, बाकीचे तिघे निव्वळ श्रोते. तरीही त्या हिवाळ्यात दर शनिवारी रात्री आमच्या बैठकीच्या खोलीत चौघं वाजवायचे आणि पाचवा आपली पाळी येण्याची वाट बघत पोहे परतायचा.

पुढे कित्येक वर्षं मी विचार करत राहिलो की त्यात नेमकं असं काय होतं. आम्ही खरं वाद्य वाजवत नव्हतो हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. पण एकत्र वाजवल्याचा आनंद मात्र अस्सल होता, अगदी पथकातल्यासारखा. या खेळाचं तंत्र समजून घेतल्यावर मला उत्तर सापडलं असं वाटतं. वाद्यातून सूर काढायला जी वर्षानुवर्षांची मेहनत लागते ती या खेळाने काढून टाकली आणि चार माणसांनी एका लयीत राहण्याची जी कसरत असते ती जशीच्या तशी ठेवली. हे त्याने कसं साधलं, ते सांगतो.

रस्ता आणि रंग

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. टीव्हीवर प्रत्येक वादकासाठी एक पट्टा दिसतो, लांबून आपल्याकडे सरकत येणाऱ्या रस्त्यासारखा. त्यावरून रंगीत ठोकळे येतात: हिरवा, लाल, पिवळा, निळा, नारिंगी. गिटारच्या दांडीवर याच पाच रंगांची बटणं असतात. ठोकळा जवळच्या रेषेवर पोचला की डाव्या हाताने त्या रंगाचं बटण धरायचं आणि त्याच क्षणी उजव्या हाताने तारांच्या जागी असलेली पट्टी छेडायची. दोन ठोकळे जोडीने आले तर दोन बटणं. ठोकळ्याला लांब शेपूट असेल तर ती संपेपर्यंत बटण सोडायचं नाही. बास वाजवणाऱ्याच्या हातात तशीच दुसरी गिटार. ड्रमला चार रबरी पॅड आणि पायाखाली एक पेडल. पेडलचा ठोका रस्त्यावर आडव्या नारिंगी रेघेसारखा येतो. गाणाऱ्यासाठी पडद्याच्या वरच्या भागात शब्द सरकतात आणि त्यांच्यासोबत सुराच्या उंचीप्रमाणे चढणारी-उतरणारी रेघ.

जपानमध्ये कोनामी कंपनीने १९९९ सालीच 'गिटारफ्रीक्स' आणि 'ड्रममॅनिया' ही यंत्रं गेम पार्लरमध्ये आणली होती आणि ती एकमेकांना जोडून दोघांना सोबत वाजवताही येत असे. हा प्रकार अमेरिकेत घराघरांत पोचला तो नोव्हेंबर २००५मध्ये आलेल्या 'गिटार हीरो'मुळे. तो बनवला हार्मोनिक्स या कंपनीने. अ‍ॅलेक्स रिगोपुलॉस आणि एरन एगोझी हे एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये शिकलेले दोघे. संगीत न शिकलेल्या माणसालाही संगीत वाजवण्याची अनुभूती द्यायची, या ध्यासापायी त्यांनी १९९५मध्ये ही कंपनी काढली होती. पुढे गिटार हीरोचं नाव अ‍ॅक्टिव्हिजनकडे गेलं, हार्मोनिक्स एमटीव्हीच्या पंखाखाली गेली आणि तिने नोव्हेंबर २००७मध्ये 'रॉक बँड' आणला. एक गिटार, ड्रम आणि माइक असा जवळजवळ पूर्ण बँड एका खोक्यात, किंमत १७० डॉलर; बाससाठी दुसरी गिटार वेगळी घ्यायची.

थाळी आणि काला

आता त्या भोकाकडे, म्हणजे मूळ मुद्द्याकडे येऊ.

स्टुडिओत गाणं ध्वनिमुद्रित करताना प्रत्येक वाद्य सहसा वेगळ्या ट्रॅकवर घेतात. ताटात वाट्या वेगवेगळ्या असतात, तसं. मग त्यांचं प्रमाण जुळवून सगळं एकत्र करतात आणि ते आपल्या कानावर येतं. आपल्या हाती येणारं गाणं म्हणजे गोपाळकाला: दही, पोहे, लोणचं एकजीव झालेलं. त्यातून फक्त लोणचं परत बाजूला काढता येत नाही.

या खेळाला मात्र वाट्याच लागतात. गाणं सुरू झालं की खेळ गिटार, बास, ड्रम आणि गळा हे ट्रॅक वेगवेगळे पण एकाच वेळी सोडतो. तुम्ही बरोबर वाजवत असाल तर खेळ काहीही करत नाही. मूळ वादकाचं वादन तसंच वाजत राहतं. तुम्ही चुकलात की तेवढा तुमचा ट्रॅक बंद होतो. पुढचा ठोकळा नीट पकडलात की परत सुरू. म्हणजे तुमचं बटण आवाज निर्माण करत नाही, आवाज जिवंत ठेवतं. तरी वाजवताना मेंदूची खात्री पटते की हा सूर माझ्याच बोटांतून आला, कारण बोट चुकताच तो गेला होता.

मला हे फार हुशारीचं वाटतं, आणि त्याचा खरा परिणाम एकट्याने खेळताना कळतच नाही. चौघं असले की कळतो. आमच्याकडे तबल्याचा क्लास केलेला मित्र ड्रमवर असायचा. तो अडखळला की ड्रमचा ट्रॅक गप्प, आणि पाठोपाठ मीही कोसळायचो. माझ्या ठोकळ्यांमध्ये काहीच बदललेलं नसायचं, ते पडद्यावर तस्सेच येत असायचे. पण मी डोळ्यांनी ठोकळे बघत असलो तरी लय कानांनी त्याच्या ड्रमवरून घेत होतो, हे त्या शांततेत उघडं पडायचं. पथकात ताशा थांबल्यावर ढोलांचं जे होतं, अगदी तेच. चूक पडद्यावर लाल फुली मारून दाखवली असती तर ती माझी एकट्याची राहिली असती. ती गाण्यातून वजा होते, म्हणून सगळ्यांची होते.

ही रचना सुचली तरी वाट्या मिळवणं सोपं नव्हतं. पहिल्या गिटार हीरोतली बहुतेक गाणी मूळ कलाकारांची नव्हती. तशीच हुबेहूब दुसऱ्या वादकांकडून वाजवून घेतलेली होती. सेक्स पिस्टल्स या बँडच्या एका गाण्याच्या मूळ वेगळ्या टेप सापडल्या नाहीत, तेव्हा २००७च्या गिटार हीरोसाठी त्या बँडने ते गाणं नव्याने ध्वनिमुद्रित केलं. सगळ्यात कठीण काम बीटल्सचं. ९ सप्टेंबर २००९ रोजी त्यांच्या गाण्यांचा स्वतंत्र रॉक बँड आला. त्यांची सुरुवातीची गाणी दोन किंवा चार ट्रॅकच्या टेपवर घेतलेली, म्हणजे ड्रम, बास आणि गिटार कित्येकदा एकाच वाटीत. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा जाइल्स मार्टिन आणि लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओतले तंत्रज्ञ यांनी गुन्हे-तपासात आवाज स्वच्छ करायला वापरतात तशा सॉफ्टवेअरने त्या काल्यातून घटक वेगळे काढले.

टाळ कुणाच्या हातात द्यायचा

गिटारवर स्वर कितीतरी, बटणं पाचच. मग कुठल्या स्वराला कुठलं बटण? हे यंत्र ठरवत नाही, माणूस ठरवतो. गाणं ऐकत ऐकत एकेक ठोकळा हाताने मांडावा लागतो. त्या मांडणीला चार्ट म्हणतात. नियम साधा: चाल वर चढली तर बोटंही वरच्या बटणांकडे जायला हवीत, उतरली तर खाली. सा-रे-ग-म-प असं पाच बटणांवर चढल्यावर पुढचा ध आला की बटणं संपतात, म्हणून चार्ट करणारा मध्येच एखाद्या श्वासाच्या जागी हात परत खाली आणतो. चांगल्या चार्टमध्ये हे कळत नाही. वाईट चार्टमध्ये सूर वर जातो आणि बोट खाली, आणि मनाला ते लगेच टोचतं.

प्रत्येक गाण्याचे चार चार्ट असतात: सोपा, मध्यम, कठीण आणि एक्सपर्ट. सोप्यात पहिले तीनच रंग आणि जेमतेम समेचे ठोके. एक्सपर्टमध्ये मूळ वादकाचा जवळजवळ प्रत्येक स्वर. चौघं एकच गाणं वाजवत असले तरी प्रत्येकाला आपापली पातळी निवडता येते. मित्रमंडळींसाठी या एका सोयीचं मोल फार आहे. गावातल्या भजनी मंडळात नवख्याच्या हाती पखवाज देत नाहीत, टाळ देतात. तो पहिल्याच दिवशी भजनात सामील होतो आणि भजनही बिघडत नाही. क्रिकेटमध्ये किंवा बुद्धिबळात कच्च्या आणि पक्क्या खेळाडूंना असं सोबत बसवता येत नाही. आमच्याकडे एका मित्राचे आईवडील महिनाभर राहायला आले होते. काकूंनी सोप्या पातळीवर बास वाजवला आणि गाणं शेवटपर्यंत नेलं, तेव्हा शेजारीच त्यांचा मुलगा एक्सपर्टवर होता.

गाण्याच्या बाबतीत खेळ आणखी उदार आहे. मायक्रोफोनमधून येणाऱ्या आवाजाची कंपनसंख्या मोजून तो सूर कुठला हे ओळखतो आणि हव्या त्या सुराशी ताडून बघतो. सप्तक कुठलंही चालतं. गायिकेने तार सप्तकात गायलेलं गाणं जाड आवाजाच्या मुलाने दोन सप्तकं खाली गायलं तरी पूर्ण गुण मिळतात. सुराच्या जागी शब्द कोणते म्हटले हेही तो बघत नाही, नुसतं गुणगुणलं तरी पुरतं. फक्त जिथे मूळ गाण्यात बोलणं आहे तिथे ढोबळमानाने उच्चार तपासतो. आमचा गाणारा मित्र नाशिकचा, इंग्रजी गाण्यांचे उच्चार जमत नाहीत म्हणून आधी माइक हातात घेत नसे. शब्द मोजले जात नाहीत हे कळल्यावर आकारात गायला लागला, आणि महिन्याभरात शब्दही आपोआप बसले. बीटल्सच्या खेळात तर तिघांना तीन वेगवेगळ्या सुरावटी एकाच वेळी गाता येतात.

ड्रमचं मात्र वेगळं आहे. गिटारची बटणं येऊ लागली म्हणून खरी गिटार येत नाही. पण ड्रमच्या वरच्या पातळीवरचे ठोके मूळ गाण्यातल्या ठोक्यांच्या इतके जवळचे असतात की उजवा हात, डावा हात आणि पाय वेगवेगळे चालवण्याची खरी सवय अंगात मुरते. आमच्या तबलावाल्याला सगळ्यात जास्त त्रास पायाचा झाला. तबल्यात पायाला काम नसतं!

शंभर मिलिसेकंदांचा प्रश्न

आता जरा आकडेमोड, कारण हा खेळ पहिल्यांदा लावणाऱ्या बहुतेकांचा विरस इथेच होतो.

मिनिटाला १२० मात्रांची लय घ्या. एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे ५०० मिलिसेकंद. चौगुन, म्हणजे एका मात्रेत चार बोल वाजवले, तर एक बोल १२५ मिलिसेकंदांचा. आता ठोकळा रेषेवर आला आणि तुम्ही बटण दाबलं, तर थोडं अलीकडे-पलीकडे खेळ चालवून घेतो. ही मुभा खेळागणिक वेगळी असते, पण ढोबळमानाने सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. म्हणजे सगळा कारभार शंभरेक मिलिसेकंदांत चालतो.

आणि आपली घरगुती यंत्रं तेवढाच वेळ सहज खाऊन टाकतात. आधुनिक टीव्ही चित्र आल्या आल्या दाखवत नाही. रंग सुधारतो, हालचाल गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. त्यात बरेच मिलिसेकंद जातात. ब्लूटूथ स्पीकर तर आवाज पोचवायला सर्रास शंभर ते दोनशे मिलिसेकंद लावतो. सिनेमा बघताना हे खटकत नाही. इथे खटकतं, कारण शंभर मिलिसेकंद मागे पडणं म्हणजे चौगुनीत जवळजवळ पूर्ण एक बोल मागे पडणं. तुम्ही अचूक वाजवताय, खेळ म्हणतो चुकलात, आणि कारण समजत नाही.

पथकात वाजवलेल्याला हा प्रश्न नवा नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मिरवणुकीत पुढे ताशा आणि चौतीस मीटर मागे शेवटची रांग असेल, तर ताशाचा आवाज तिथे शंभर मिलिसेकंद उशिरा पोचतो. मागच्याने नुसतं कानावर विसंबून वाजवलं तर त्याचा ढोल पुढच्याला आणखी शंभर मिलिसेकंद उशिरा ऐकू येणार. म्हणून आम्हाला सांगितलं जायचं की कान ठेवा, पण डोळे पुढच्याच्या टिपरूवर, म्हणजे वाजवायच्या काठीवर, ठेवा. प्रकाशाला उशीर होत नाही.

खेळ या उशिरावर जो उपाय करतो त्याला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. सुरुवातीला खेळ एक टिकटिक ऐकवतो आणि प्रत्येक टिकेला बटण दाबायला सांगतो. मग आवाज बंद करून तेच डोळ्यांनी बघून करायला सांगतो. त्यावरून तो दोन आकडे काढतो: तुमच्या घरी आवाज किती उशिरा पोचतो आणि चित्र किती उशिरा. समजा चित्र ६० मिलिसेकंद मागे आहे. मग खेळ ठोकळे ६० मिलिसेकंद आधीच धाडायला लागतो. हे त्याला शक्य आहे, कारण गाणं आधीच ध्वनिमुद्रित आहे. पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असतं. २००८च्या रॉक बँड २च्या गिटारमध्ये तर छोटा प्रकाशसंवेदक आणि माइकच बसवला होता: गिटार टीव्हीसमोर धरायची, ती स्वतः बघून-ऐकून आकडे काढायची.

पण तुम्ही बटण कधी दाबणार हे कुणालाच आधी माहीत नसतं. बटण दाबल्यावर आवाज निर्माण करायचा ठरवलं असतं तर तो उशिराच आला असता आणि त्यावर काही उपाय नव्हता. म्हणूनच वरची वाट्यांची युक्ती दुहेरी कामाची ठरते: बरोबर वाजवणाऱ्यासाठी नवा आवाज काढायचाच नसतो, चाललेला चालू ठेवायचा असतो. थोडा उशीर होतो तो फक्त चूक ऐकू यायला.

यावरून आणखी एक कोडं सुटतं. २०२०च्या टाळेबंदीत गणपतीत व्हिडिओ कॉलवर एकत्र आरती म्हणायचा प्रयत्न ज्यांनी केला त्यांना आठवत असेल, दुसऱ्या ओळीपर्यंत सगळं विस्कटायचं. तुमचा आवाज अमेरिकेतल्या भावाला उशिरा पोचतो, तो ऐकून म्हणतो, ते तुम्हाला दुप्पट उशिरा येतं, तुम्ही त्याच्यासाठी थांबता, आणि आरती रेंगाळत रेंगाळत बंद पडते. मग हेच खेळ वेगवेगळ्या शहरांतली माणसं इंटरनेटवर एकत्र कसे खेळतात? कारण गाणं जाळ्यातून जातच नाही. प्रत्येकाच्या यंत्रावर गाण्याची स्वतःची प्रत वाजत असते आणि तुम्ही तिच्याशी लय जुळवता. जाळ्यातून जाते ती फक्त वार्ता, की मित्राने अमुक ठोकळा पकडला, तमुक चुकला. ती थोडी उशिरा आली तरी तुमची लय मोडत नाही. तरीही सांगतो, एका खोलीत वाजवण्याची सर त्याला नाही. शेजारच्याचा पाय जमिनीवर आपटत असतो, तो कुठल्याच चार्टमध्ये नसतो आणि त्याचा आधार सगळ्यात मोठा असतो.

ओव्हरड्राइव्ह: गुण की मित्र

गुणांचं गणित थोडक्यात. सलग दहा ठोकळे पकडले की पुढच्या प्रत्येकाला दुप्पट गुण, वीसला तिप्पट, तीसला चौपट. बासवाल्याला पुढे सहापटीपर्यंत जाता येतं. एक चुकला की परत पहिल्यापासून. शिवाय मधूनमधून पांढरे चमकणारे ठोकळ्यांचे गट येतात. असा गट एकही न सोडता वाजवला की तुमच्या खात्यात ओव्हरड्राइव्ह नावाची ऊर्जा साठते. ती सोडली की सगळ्या बँडचे गुण दुप्पट. चौघांनी मिळून एकाच वेळी सोडली तर आठपट.

पण या ऊर्जेचा दुसरा उपयोग आहे, आणि माझ्या मते रॉक बँडच्या सगळ्या रचनेत इतकं सुंदर दुसरं काही नाही. प्रत्येकाचा एक काटा असतो. चुका वाढल्या की तो लाल रंगात घसरतो आणि तळाला गेला की तो वादक बाद. त्याचं वाद्य गप्प होतं आणि सगळ्या बँडचा काटाही हळूहळू खाली यायला लागतो. वेळेत काही केलं नाही तर गाणंच थांबतं. बाद झालेल्याला परत आणायचं असेल तर दुसऱ्या कुणीतरी आपला साठवलेला ओव्हरड्राइव्ह त्याच्यासाठी खर्च करायचा. गुण दुप्पट करायला जपून ठेवलेली पुंजी मित्रासाठी मोडायची, आणि हा निर्णय गाणं चालू असताना, हात न थांबवता, दोन सेकंदांत घ्यायचा.

कोण वाचवू शकतो हेही बघण्यासारखं आहे. गिटार आणि बासवाल्याने वाद्याची दांडी वर उचलली की ओव्हरड्राइव्ह सुटतो, केव्हाही. ड्रमवाल्याला तो मनाला येईल तेव्हा सोडता येत नाही. गाण्यात ठराविक मोकळ्या जागा येतात, तिथेच मनसोक्त बडवून शेवटचा ठोका अचूक हाणायचा. गाणाऱ्यालाही दोन ओळींमधल्या जागेत ओरडून सोडावा लागतो. त्यामुळे आणीबाणीत कामाला येतो तो बासवाला. ज्याच्या वाट्याला सगळ्यात कमी ठोकळे, ज्याचं वाद्य घरात कुणालाच नको असायचं, त्याच्याचकडे चौघांचं आयुष्य. आमच्याकडचा बासवाला स्वभावाने शांत. त्याने कधी वरचे गुण मिळवले नाहीत, पण गाणारा बाद झाला की कुणी काही बोलायच्या आत त्याची दांडी वर गेलेली असायची. गाणं संपलं की पडद्यावर आकडे यायचे. ते बघायच्या आधी आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारायचो.

रॉक बँड २मध्ये कुणीच बाद होणार नाही अशी सोय आली. पाहुणे असले की आम्ही ती लावायचो. एरवी नाही.

पुढे काय झालं

लाट आली तशी ओसरली. २००८च्या शेवटी गिटार हीरोनेही ड्रम आणि गाणं जोडलं, २००९मध्ये एकाच वर्षात या प्रकारचे कितीतरी खेळ बाजारात ओतले गेले. मंदी होती, आणि ज्याच्या घरात प्लास्टिकचा एक ड्रमसेट आहे तो दुसरा घेत नाही. २०१०मध्ये रॉक बँड ३ने कीबोर्ड आणला आणि १०२ बटणांची, खऱ्या गिटारच्या दांडीवरच्या जागांप्रमाणे बोटं ठेवायला लावणारी गिटारही. फार मेहनतीचं काम होतं, पण उशीर झाला होता. फेब्रुवारी २०११मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने गिटार हीरोचा विभाग बंद केला. २०१५मध्ये दोन्ही नावं एकदा परतली. रॉक बँड ४साठी नवी गाणी जानेवारी २०२४पर्यंत येत राहिली, मग थांबली. हार्मोनिक्स २०२१मध्ये एपिक गेम्सने घेतली आणि डिसेंबर २०२३मध्ये 'फोर्टनाइट फेस्टिव्हल' आला, ज्यात चार जण एकत्र वाजवू शकतात आणि खेळ फुकट आहे.

पण या प्रकाराचा जीव आता कंपन्यांपेक्षा हौशी माणसांकडे आहे. 'क्लोन हीरो' हा मोफत खेळ साध्या कॉम्प्युटरवर चालतो. जुनी गिटार जोडता येते, नसेल तर कीबोर्डवरही वाजवता येतं. 'यार्ग' हा खुल्या स्रोताचा दुसरा खेळ, त्यात गाणंही आहे. भारतात हे संच कधीच मोठ्या प्रमाणात विकले गेले नाहीत, त्यामुळे परदेशातून परतणाऱ्याच्या बॅगेतून आलेली किंवा जुन्या वस्तूंच्या बाजारात सापडलेली गिटार हाच बहुतेकांचा मार्ग. चौघांनी बसायचं असेल तर माझ्या अनुभवातलं एवढंच सांगेन: टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड लावा, ब्लूटूथ स्पीकर बंद करून वायरचा जोडा, आणि पहिलं गाणं सुरू करण्याआधी कॅलिब्रेशन करा. आमची पहिली संध्याकाळ या तीन गोष्टी माहीत नसल्यामुळे वाया गेली होती.

आणि गाणी? बीटल्सच्या टेपवर तज्ज्ञांनी जे काम केलं, त्याच्या जवळपास जाणारं काम आता घरचा लॅपटॉप करतो. डीझर या फ्रेंच कंपनीने २०१९मध्ये 'स्प्लीटर' नावाचं सॉफ्टवेअर खुलं केलं; ते तयार गाण्यातून गळा, ड्रम, बास असे भाग वेगळे काढतं. पूर्ण स्वच्छ निघत नाहीत, काल्याचा थोडा वास राहतो, पण खेळायला पुरतात. विकत घेतलेल्या गाण्याचे असे भाग करून घरच्यापुरते वाजवावेत; ते वाटत सुटू नये, ती कलाकारांची कमाई आहे.

गेले दोन महिने मी एका जुन्या लावणीचा चार्ट बनवतोय. ढोलकी चार पॅडांवर बसवायची आहे. उजव्या पुडीचे टिपेचे बोल लाल आणि पिवळ्यावर छान बसले, डावीकडचा घुमारा पेडलवर दिला. अडलंय ते घिश्शावर. डावा तळवा पुडीवर घासून आवाज खालून वर ओढत नेतात, त्याला ठोका म्हणताच येत नाही, आणि ड्रमच्या ठोकळ्याला लांब शेपूट नसते. एक ठोकळा ठेवून पाहिला, खोटा वाटला. दोन ठेवले, लय अडखळली. शेवटी तिथे काहीच ठेवलेलं नाही. तेवढ्या जागेत वाजवणाऱ्याचे हात हवेत थांबतात, ट्रॅक तर चालूच असतो, आणि मूळ ढोलकीवाल्याचा घिस्सा खोलीत एकटा घुमतो. तबल्याचा क्लास केलेला तो मित्र आता ठाण्यात राहतो. शनिवारी येतोय, त्याला वाजवायला देऊन बघणार आहे.